वडिलांसाठी दिलेले केस

वडील सरकारी दवाखान्यात होते, त्याचा तो अकरावा दिवस होता. विट्याकडची आमची माणसं गलाईच्या कामासाठी देशभर गेली, तसे वडील लग्नाआधीच चेन्नईत आले. जुनं सोनं तेजाबात टाकून शुद्ध करायचं, हे त्यांचं काम. त्या धुराने फुप्फुसं गेली, असं डॉक्टरांनी मला इंग्रजीत सांगितलं. आईला मी ते मराठीत अर्धंच सांगितलं. घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे कागद वाचणं माझ्याकडे होतं, आणि किती सांगायचं हे ठरवणंही.

वर्गातला एक तमिळ मित्र म्हणाला, "मुरुगनाला मोट्टै बोल. पूर्ण केस द्यायचे. माझ्या अप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी मी दिले होते. आता बघ, रोज माझ्यावर ओरडण्याइतके ठणठणीत आहेत."

मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तू जाऊन ये. आमच्यात बायका कार्तिकस्वामीचं तोंड बघत न्हाईत." मी फक्त अर्चना करून येतो म्हणालो. केसांचं बोललो नाही. परीक्षा तोंडावर आलीय, असलं ध्यान करून कशाला जातोस, असं ती म्हणेल, एवढीच मला भीती होती.

देवळाशेजारच्या खोलीत ओल्या फरशीवर न्हावी ओळीने बसले होते. माझ्या न्हाव्याने विचारलं, "पूमुडी की पूर्ण?" पूमुडी म्हणजे नुसत्या तीन बटा कापायच्या. मी थोडा थांबलो. सोबत आलेला मित्र हसला, "तीन बटा? देवाला सॅम्पल दाखवतोस काय?"

मी पूर्ण म्हणालो. वडिलांसाठी मागायचं तर हात राखून कसं द्यायचं, असं वाटलं.

डोक्यावर गार चंदन थापलं गेलं. रांगेतून पुढे सरकत मुरुगनासमोर पोचलो तेव्हा दोन क्षण मिळाले. तात्यांना घरी येऊ दे, एवढंच म्हणता आलं. बाहेर आलो तेव्हा अकरा दिवसांत पहिल्यांदाच आपल्या हातून काहीतरी झालं, असं वाटत होतं. तसाच, चंदन न पुसता, दवाखान्यात गेलो.

वडिलांनी मला दारातच पाहिलं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही, तात्या. नवस केला. तुमच्यासाठी."

ते माझ्या डोक्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी हाय की रं अजून."

मला कळेना. तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिने डबा खाली ठेवला आणि पदर ओढून माझं डोकं झाकलं. "बाप जिता असताना..."

आमच्याकडे मुलगा मुंडण करतो ते बाप गेल्यावर. हे मला माहीत असायला हवं होतं. पण गावाकडच्या एकाही मयताला मी गेलो नव्हतो. दर वेळी परीक्षा असायची, आणि वडीलच म्हणायचे, तू अभ्यास कर. मी लहानपणापासून पाहिली ती इथली डोकी. आईबाप, पोरं, सगळी चंदन लावून हॉटेलात इडली खात बसलेली. मुंडण म्हणजे नवस, एवढंच मला ठाऊक होतं.

मी वडिलांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हितलं असंल तसं. तुला काय म्हाईत." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आईने दिलेली टोपी घालून गेलो. वडील म्हणाले, "काढ ती." त्यांनी तेजाबाने काळी पडलेली बोटं माझ्या डोक्यावरून फिरवली. मग रोजच फिरवू लागले.

"वाढत्यात का?"

"वाढतायत, तात्या."

"वाढू दे."

ते माया करत होते की स्वतःचे दिवस मोजत होते, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी उशीजवळ डोकं वाकवून उभा राहायचो, त्यांचा हात थकेपर्यंत.

अठराव्या दिवशी हात उचलला नाही. संध्याकाळी ते गेले.

स्मशानात न्हाव्याने मला पुढ्यात बसवलं, डोक्याला पाणी लावलं आणि वस्तरा हातात घेऊन थांबला. काढण्यासारखं फारसं काही नव्हतं.

"हे तर आत्ताच काढलेत, तम्बी," तो तमिळमध्ये म्हणाला. "कुणासाठी?"

मी तिरडीकडे बोट केलं. "यांच्यासाठीच."

त्याने पुन्हा एकदा पाणी लावलं आणि त्या खुंटांवरून वस्तरा फिरवायला लागला.