शेजाऱ्यांचं मराठी

आमचे शेजारी कानपूरचे. विश्रांतवाडीत येऊन त्यांना सहा वर्षं झाली. दर रविवारी मराठीच्या क्लासला जातात, वहीत नवे शब्द उतरवतात, तरी मराठी बोलायचं म्हटलं की आधी घसा खाकरतात. त्यांच्या बायकोने क्लासचं तोंड पाहिलं नाही. हिंदी न येणाऱ्या भाजीवालीशी रोज हुज्जत घालून ती वर्षभरात फडाफडा मराठी बोलायला लागली.

"एकेकाची जीभच जड असते," असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगायचो.

परवा लिफ्टमध्ये त्यांनी घसा खाकरून विचारलं, "आज पाणी किती वाजता येणार?"

मी नेहमीसारखं उत्तर दिलं, "पाँच बजे आएगा."

ते अदबीने हसले आणि घसा न खाकरता म्हणाले, "सहा वर्षांत आपलं हिंदी मात्र चांगलंच सुधारलं."