घरचं मडकं

डिचोलीच्या आमच्या वाड्यावरच्या वस्तीत कुणाचं माणूस गेलं की पहिला निरोप बाबाजी कुंभारांकडे जायचा, भटजींना त्यानंतर. अग्नी न्यायला मडकं लागतं, आणि मडकं काही सांगितल्याबरोबर होत नाही. घडवा, सावलीत वाळवा, भाजा. पंधरा दिवस कुठे गेले नाहीत. म्हणून बाबाजीकाकांच्या पडवीत एक मडकं कायम उलटं घालून ठेवलेलं असे. ते कुणाच्या घरी गेलं की दुसऱ्या दिवशी नवं चाकावर. मोबदल्याचं बोलणं नाही. बाराव्यानंतर लोक आपणहून तांदूळ नि नारळ नेऊन ठेवत.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा काकांचा उजवा हात अर्धांगाने लुळा पडून महिना झाला होता. त्यांनी खाटेवरूनच बायकोला मानेने खुणावलं आणि चंद्रावतीकाकींनी पडवीतलं मडकं आमच्या ह्यांच्या हातात दिलं. ते त्या घरातलं शेवटचं होतं, हे आम्हाला पुढे तांदूळ-नारळ घेऊन गेलो तेव्हा कळलं.

"आतां माजें मडकें खंयचें?" काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"बाजारांत मेळटा मरे, प्लास्टिकाच्या पोतयेंत घालून," काकी हसत म्हणाल्या.

"बाजारचें नाका. माजें मडकें ह्या घरचें जाय."

काकी हसायच्या थांबल्या.

मुलगा रुद्रेश औषधांच्या कारखान्यात. चाकावर तो कधी बसलाच नाही. काकींचं सगळं आयुष्य मातीत गेलेलं. खडे वेचायचे, माती तुडवायची, भट्टी लावायची. चुली त्या हातानेच थापत. पण मडकं चाकावरचंच लागतं, आणि त्या घरात चाकाला बाईचा हात लागलेला चालत नसे.

मग एकदा पेपरात जाहिरात दिसली. कुंभारकाम करणाऱ्यांना सहा दिवसांचं प्रशिक्षण, आणि घरी पडताळणी झाली की विजेवर चालणारं चाक अनुदानातून फुकट. मी कात्रण घेऊन गेले.

"बायलमनशेन चाकार बसप?" काकी दचकल्याच.

काकांनी कात्रण पुन्हा वाचायला लावलं. "चाक न्हंय तें. मशीन. तें वीज घुंवडायता, तूं ना."

"बरें जालें," सून सुविधा आतून म्हणाली, "म्हणजे पाप वीज खात्याक लागतलें!"

अर्ज मी भरला. काकींकडे फोन नसल्याने नंबरही माझाच घातला.

छप्पन्नाव्या वर्षी काकी डबा घेऊन बसने प्रशिक्षणाला जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी माती चाकावरून उडून शेजारणीच्या चष्म्यावर बसली. पाचव्या दिवशी मडकं उभं राहिलं. एक तास मालाच्या विक्रीचाही होता. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला विचारलं, तुमची खासियत काय? काकी उभ्या राहून म्हणाल्या, "मेल्ल्या मनशाचें मडकें." बाई म्हणाल्या, "सध्या आपण पारंपरिक कुंभ असं लिहू." शेवटच्या दिवशी फोटो काढून झाल्यावर सगळी कच्ची भांडी मोडून पुन्हा माती केली. काकींनी आपलं एक मागून पाहिलं. मिळालं नाही.

तरी घरी आल्या त्या खुशीत. "मशीन येऊंदे," काकांना म्हणाल्या, "तुमच्या दोळ्यांमुखार करतां."

डिसेंबरात माझ्या फोनवर निरोप आला: गुरुवारी पडताळणी. पण कुंभारांच्या घरी सुतक होतं. काकांचा एक चुलतभाऊ लाटंबार्से गावी वारला होता. सुतकात ते मातीला हात लावत नाहीत. कार्यालयात फोन करून तारीख बदलून घेणं पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, नुसती जागा बघून जातील, आणि फोन केला नाही.

गुरुवारी गौरेश नावाचा एक तरुण अधिकारी आला. सभ्य, हसतमुख. त्याने जीपमधून नमुन्याचं यंत्र उतरवलं, मातीचा गोळाही बरोबर आणला होता. "काकी, एकच भांडं करून दाखवा. फोटो काढतो, झालं."

यंत्र काकांच्या खाटेपासून चार हातांवर होतं. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग काकांकडे बघितलं.

"ना," काका म्हणाले. "सुतक आसा. तो माजो भाव."

"बारा वर्सां तोंड पळयलें ना तेचें!" सुविधाला राहवलं नाही. "देवळांतल्या मानावयल्यान झगडलात, आनी आतां भाव?"

"झगडलें म्हण रगत बदलता?"

गौरेश अंगणात उभा राहिला. म्हणाला, "काका, आमच्या घरीही पाळतात. पण फॉर्मात सुतकाला रकाना नाही." त्याला चहा मी माझ्या घरून नेऊन दिला. अर्धा तास थांबून त्याने लिहिलं, 'प्रात्यक्षिक झाले नाही', आणि नाव पुढच्या यादीत टाकतो म्हणाला. यंत्र जीपमध्ये चढलं. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काका उशीवरून मान उचलून बघत होते.

मी दर सोमवारी फोन करत राहिले. दर सोमवारी उत्तर एकच, यादी निघायची आहे.

फेब्रुवारीत काका गेले.

रुद्रेश बाजारातून सगळं सामान एकाच पिशवीत घेऊन आला: कापड, अगरबत्ती, नि वर मडकं. कुठल्या गावचं, कुणाच्या हातचं, कोण जाणे. काकी रडत होत्या. मडकं समोर येताच त्यांनी ते हातात घेतलं आणि बोटाने वाजवलं.

"भाजूंक उणें पडलां," म्हणाल्या, आणि रुद्रेशच्या हातात दिलं.

मी मान वर करू शकले नाही.

एप्रिलमध्ये यंत्र आलं. गौरेशच घेऊन आला होता. रिकामी खाट पाहून त्याने काही विचारलं नाही. काकींनी पहिल्याच खेपेस मडकं उतरवलं. फोटोत त्या कुठेतरी बाजूलाच बघतायत.

भट्टीतून पडवीत दोन मडकी आली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक गांवाचें. एक माजें. तुजो नंबर घातिल्लो न्हू फॉर्मांत? मागीर तुकाच सांगून दवरतां. माका बाजारचें हाडूंक दिवं नाका."

बाजारचं आणू देणार नाही, अशी मी मान डोलावली.

मागच्या आठवड्यात वरच्या वाड्यावर दोन दिवसांत दोघं गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकींकडे गेले तर पडवी मोकळी होती. यंत्र घुमत होतं, आणि काकी कोपरापर्यंत मातीत हात घालून बसल्या होत्या.