वसुंधरेने न पाठवलेली चिठ्ठी

आज एकादशी. वही उघडून रोजच्यासारखं देवाचं नाव लिहिलं, पण पुढे वसुंधरेखेरीज दुसरं काही सुचेना.

वसुंधरा इथे हिंदी मुलखात आमच्या नगरा मोहल्ल्यातली शेजारीण. बारा वर्षं एका खाजगी इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात आहे. लोकांना वाटतं ती कम्प्यूटरवर नुसती नावं चढवते. तसं नाही. डॉक्टरांनी कागदावर जो आजार लिहिला, त्याला विम्यासाठी ठरलेला कोड लावायचा, हे तिचं काम. एकटं कोपर किती तऱ्हांनी मोडतं, ते तिच्याकडूनच ऐकलं. दंडाच्या हाडाचं खालचं टोक मोडलं तर एक कोड, त्याखालच्या हाडाचं वरचं टोक मोडलं तर दुसरा. हात उजवा की डावा, तेही लिहिलेलं हवं. एक्स-रेचे फोटो बघबघून तिची नजर तयार झालेली. पण नियम असा की कोड लावायचा तो डॉक्टरांच्या लिहिण्यावर, आपल्या नजरेवर नाही. शंका आली तर चिठ्ठी पाठवून त्यांना विचारायचं. अशा चिठ्ठ्या पाठवण्यात ही पटाईत. नवे डॉक्टर हसून म्हणायचे, "आ गईं मास्टरनी जी, कॉपी जाँचने." वह्या तपासणारी मास्तरीण म्हणे!

मागच्या माघात तिच्या सासूबाई, पार्वतीबाई, तुळशीला पाणी घालताना घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. हिच्याच इस्पितळात नेलं. फोटो काढला. डॉक्टरांनी लिहिलं, कोपर मुरगळलंय, हाड शाबूत, हात झोळीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी तो कागद वसुंधरेच्याच टेबलावर आला. फोटोत कोपराच्या मागे तिला एक काळी चंद्रकोर दिसली. सांध्यात रक्त साचलं की तिथली चरबी अशी वर उचलली जाते म्हणे. मग हाडातली चीर दिसत नसली तरी बहुधा असतेच. परक्या कुणाचा कागद असता तर चिठ्ठी तेव्हाच गेली असती. घरच्या माणसाचा म्हणून तिचा हात अडला. सासूसाठी डॉक्टरांची चूक काढते, असं कुणी म्हणायला नको. तिने मुरगळीचा कोड लावला आणि फाइल बंद केली.

मुरगळ म्हटल्यावर आपल्या घरांतून जे होतं तेच झालं. मालिश. लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल, रोज सकाळी अर्धा तास. मालिशवाली मीच पाठवली होती, हेही इथे लिहायला हवं. वसुंधरा दोनदा राहू द्या म्हणाली, पण जोर करून नाही. पार्वतीबाईंनी तिला तोच कागद दाखवला. तुझ्याच डॉक्टरांनी लिहिलंय ना, मोच आहे, नुसतं मुरगळलंय म्हणून?

महिनाभरात कोपर दगडासारखं झालं. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. चीर होती, आणि मालिशीने दुखावलेल्या स्नायूत नको तिथे हाड धरलं होतं. आता या वयात ऑपरेशन नको म्हणाले.

आज त्या दोघी माझ्याकडे पूजेला आल्या होत्या. मी तीर्थ द्यायला पळी पुढे केली. पार्वतीबाईंनी उजवा हात पुढे केला, पण तळवा आडवाच राहिला. उताणा होईना. डावा हात तीर्थाला चालत नाही, म्हणून त्यांनी तोच पुन्हा वळवून पाहिला. तीर्थ बोटांवरून पाटावर सांडलं.

तेव्हा वसुंधरा बोलली.

"आई, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. फोटोत."

पार्वतीबाईंनी हात खाली घेतला.

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही घरच्या म्हणून."

पार्वतीबाईंनी देवाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझी कुणी नसते तर बरं झालं असतं गं मला."

रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हटलं असतं तर वसुंधरेला सोसलं असतं.

मी पळी वसुंधरेच्या हाती दिली. पार्वतीबाईंनी तोंड उघडलं. दोन पळ्या नीट गेल्या. तिसरीला पळी कलली आणि तीर्थ हनुवटीवर ओघळलं. पार्वतीबाईंनी सवयीने उजवा हात उचलला. तो तोंडापर्यंत पोचला नाही. मग डाव्या हाताने पदर घेऊन त्यांनी हनुवटी टिपली.