तेरवीचा पहिला घास

काल, रविवारी, आईची तेरवी झाली. सकाळी विधी झाले, दुपारी पंगत बसली, संध्याकाळपर्यंत पाहुणे आपापल्या गावी गेले. मी इथे सहसा काही लिहीत नाही... पण कालचं सांगावंसं वाटतं.

त्याआधी एक सांगते. मागच्या वर्षी माझी बॅरिअॅट्रिक सर्जरी झाली. वजन कमी करण्यासाठी पोटाची छोटीशी पिशवी करून ती आतड्याला जोडतात, ते ऑपरेशन. हे फक्त आईला माहीत होतं. बाकी सगळ्यांना आम्ही पित्ताचे खडे काढले म्हणून सांगितलं... तोंड आवरता आलं नाही म्हणून पोट कापून घेतलं, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

तेव्हापासून भूक अशी लागतच नाही. वेळ पाहून खावं लागतं, थोडं थोडं, बारीक चावून. मी हिंगोलीत एकटी राहते. आई गावाहून रोज फोन करायची आणि "खाल्लं का?" एवढंच विचारायची. मग शेजारणीचं, म्हशीचं बोलायची.

ती गेल्यावर मी गावीच राहिले, भावकीतून पिठलं-भाकरीचे डबे यायचे. भाकरी छातीत अडकायची, म्हणून मी ताट तसंच सरकवायचे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, कंगव्यात केसांचे पुंजके... बायका म्हणायच्या, "आईच्या मागं वाळली लेक." मला मात्र कळत नव्हतं, हे दुःख आहे की अंगातलं काहीतरी खरंच संपत चाललंय. खाणं सुटलं तर अशक्तपणा फार लवकर येतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यात तेरवी आली. आमच्याकडे तेरवीला मामा आपल्या हाताने गोड घास भरवतो, तेव्हा दुखवटा फिटला असं धरतात. मी एकुलती एक, म्हणजे घास मलाच. आणि तो पोटात गेल्याशिवाय पंगतीत कुणी ताटाला हात लावत नाही.

गोड मला चालत नाही. ऑपरेशननंतर एकदा अर्धा पेढा खाल्ला होता... छातीत धडधड, दरदरून घाम, शेवटी गार फरशीवर आडवी झाले. तेव्हा आई जवळ होती. काल सकाळपासून अंगणात बुंदी तळली जात होती आणि त्या वासानेच माझे हात गार पडले. घास तोंडात धरून मागे जाऊन थुंकावा, असंही मनात आलं. आई असती तर काहीतरी सांगून तिने वेळ मारून नेली असती. पण तेरवी तिचीच होती.

पंगत बसली. मामा लाडवाचा तुकडा घेऊन समोर आले. वय झालंय त्यांचं. "घे माय, तोंड उघड."

मी उघडलं नाही. सगळे बघत होते. मागून चुलतकाकू म्हणाल्या, "खा की बाई. मामाला किती येळ उभं करतीस?"

"मामा, मला गोड चालत नाही... माझं ऑपरेशन खड्याचं नव्हतं, वजनाचं होतं." आवाज वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

"अगं बया! म्हंजी पोटच कापलं?" काकू म्हणाल्या. "आन् आमी म्हणून राहिलो, दुःखानं वाळली!" कुणीतरी हसलं. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "कुठं करतेत गं? आमच्या सुनबाईसाठी इचारून राहिले."

मामा तुकडा हातात धरून तसेच उभे. मला वाटलं, चिडले. बहिणीच्या तेरवीत भाची घास नाकारते म्हणजे काय... त्यांनी लाडू ताटात परत ठेवला, हात धुतले.

"मंग काय चालतं तुला?"

"उसळ... थोडी."

त्यांनी वाढप्याला हाक मारली. "ए, उसळीत गूळ टाकला का रे?" तो नाही म्हणाला, तरी मामांनी आधी स्वतः चाखून पाहिली. मग परत हात धुऊन मटकीचे चार दाणे चिमटीत धरून मला भरवले.

चार दाणे. पण मला तेही पार बारीक होईपर्यंत चावावे लागतात, नाहीतर अडकतात. सगळी पंगत थांबलेली. पोरांचे ताटाकडे गेलेले हात आयांनी मागे ओढलेले. मी खाली मान घालून चावत होते आणि घाई केली तर इथेच उलटी होईल, या भीतीने अजूनच हळू चावत होते...

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मामा, वरण गार होऊन राहिलं."

"होऊ दे गार," मामा म्हणाले. "लेकरू जेवून राहिलं, दिसत न्हाई का?"

मी चाळीस ओलांडलेली बाई. त्यांनी मात्र माझ्या तोंडावरून नजर हलवली नाही. घास उतरला, तसं त्यांनी विचारलं, "गेला खाली?" मी मान हलवली. "हां, जेवा आता," असं सगळ्यांना सांगून ते आपल्या पाटावर जाऊन बसले.

आता गावभर झालंय. कोण काय म्हणत असेल, याचा विचार रात्रभर सुटला नाही. रक्ताच्या तपासण्या राहिल्यात, त्यात काय निघेल याची धास्ती आहेच. मामांचे आभार मी मानले नाहीत... त्यांच्यासमोर ते जमलंही नसतं. म्हणून इथे लिहिते.

आज दुपारी हिंगोलीला परत आले. खोली झाडली, पाणी भरलं. मग एक अंडं उकडलं, सोललं, मीठ लावलं आणि खिडकीशी बसून सावकाश सगळं खाल्लं.