अपील ऐकणारे हुलगूर

शिरस्तेदार मडिवाळप्पा हुलगूर यांना आयुष्यात एकच गोष्ट जमली: साहेब नसताना साहेब होणं. मलप्रभेकाठच्या आमच्या तालुक्यात कचेरीबाहेर अर्ज लिहून देण्यात माझी हयात गेली, पण इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तहसीलदारांना सुनावणीचा कंटाळा. लोक रडतात, भांडतात, वर निकालही मागतात. म्हणून त्यांनी कुठल्याशा कलमाचा आधार काढून तो अधिकार हुलगूरांना सोपवला. ज्यांना शिपायाची रजा मंजूर करता येत नव्हती, ते लोकांचं नशीब लिहू लागले. घरी बायकोलासुद्धा म्हणायचे, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं."

बसस्टँडामागे नीलव्वाची भाकरीची खानावळ होती. तिच्यावरच ती आणि तिची विधवा लेक जगत. शेजारच्या नव्या लॉजवाल्यानं धुराची तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल होता, साहेब नव्हते. हुलगूर शेजारी स्टूल टाकून बसले, रिकाम्या खुर्चीकडे बघून मान लववली आणि निकाल दिला: खानावळ बंद करा.

"नीलक्का, प्रांतांकडे अपील कर," मी म्हणालो आणि अर्ज फुकट लिहून दिला.

तेवढ्यात प्रांतांची बदली झाली. त्यांचा पदभार तहसीलदारांकडे आला आणि तहसीलदारांनी सवयीप्रमाणे सुनावण्या हुलगूरांच्या गळ्यात टाकल्या. आम्ही प्रांत कचेरीत शिरलो, तर समोर हेच ध्यान. या वेळी थेट खुर्चीत.

"अप्पा, तुम्हीच? अहो, तुमच्याच विरुद्ध आलेय मी!"

"तेव्हा मी खाली होतो, आता वर आहे. त्या निकालाकडे मी तटस्थपणे बघणार."

बघितलं. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं: 'खालच्या अधिकाऱ्याने सर्व बाजूंचा सखोल विचार केलेला दिसतो. अपील फेटाळण्यात येत आहे.' लाज कशाशी खातात, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं.

"ह्याच्या वर कोण?" नीलव्वानं विचारलं.

"जिल्हाधिकारी."

"ते रजेवर गेले की तिथंही तुम्हीच बसणार ना? मग तो निकालही आत्ताच लिहून टाका. माझं बसचं तिकीट तरी वाचेल."

मला वाटलं, आता तरी ओशाळतील. हुलगूरांनी गंभीरपणे मान हलवली.

"तसं करता येत नाही, अक्का. कायदा आहे."

संध्याकाळी कचेरीची माणसं पोलीस घेऊन आली आणि नीलव्वाची चूल फोडून गेली.