ओक्नामनं शिवलेलं ताटझाकण

कोरियाच्या किनाऱ्यावर, तोंगयोंगला कालवांचा हंगाम संपला की आमची कालवं फोडायची शेड बंद होते, आणि आम्ही बायका घरी बसून एकमेकींच्या सुनांना नावं ठेवतो. त्या उन्हाळ्यात मात्र ओक्नाम शिवणवर्गाला निघाली. माझ्या शेजारी बसून उभा जन्म कालवं फोडलेली बाई ती! आता म्हणे तुकडे जोडून ताटं झाकायचं कापड शिवणार, जुन्या पद्धतीनं, हातानं.

“सासू शिकवत होती तेव्हा सुई विहिरीत फेकली होतीस ना गं, ताई?” जोंगिमनं विचारलं. ही आमच्यातली सगळ्यात तोंडाळ.

“तेव्हा सासू शिकवत होती ना,” ओक्नाम म्हणाली.

पहिल्याच दिवशी ती रडवेली होऊन परतली. कालवांच्या शिंपल्यांनी तिची बोटं करवतीसारखी झालेली. रेशमावरून हात फिरवला की धागा निघायचा. वर्गात शेजारी बसलेल्या पोरी बघायला लागल्या तशी तिनं हात मांडीखाली घेतले. “नाही जायचं परत,” म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शिकवणाऱ्या हान बाईच तिच्या दारात आल्या. “मावशी, रेशीम फार नखरेल असतं. हे घ्या, मोशी.” झाडाच्या सालीच्या धाग्याचं ते कडक, पातळ कापड तिच्या बोटांना अडकेना. मग ती बसलीच. पुढून-मागून सारखी दिसणारी ती बारीक शिवण तिला सरळ कधीच जमली नाही. हान बाई उसवायला लावायच्या, ही घरी येऊन त्यांना शिव्या द्यायची आणि पुन्हा शिवायची.

हंगाम सुरू होईतो कापड झालं. पांढरं, निळं, मध्येच खारकेच्या रंगाचं. हान बाईंनी ते प्रदर्शनासाठी मागितलं. त्याआधी आम्हाला दाखवावं म्हणून तिनं ते शेडमध्ये आणलं, जेवणावर घातलं, आणि जोंगिमच्या हातून किमचीचं, कोबीच्या तिखट लोणच्याचं, लाल पाणी त्यावर सांडलं.

जोंगिम आधी भांड्यावर ओरडली, मग हमसून रडायला लागली.

“रडतेस कशाला? जेवणावर घालायचं कापड ते, जेवलं!” ओक्नाम म्हणाली. पण नळाखाली ते धुताना ती बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी होती. डाग केशरी राहिलाच.

“तेवढा तुकडा बदलू या,” डाग पाहून हान बाई म्हणाल्या.

“राहू द्या, बाई. उसवायचा आता कंटाळा आलाय.”

प्रदर्शनाला आम्ही शेडमधून रबरी बुटांनिशीच गेलो. कापड खिडकीत टांगलेलं. जोंगिम बरोबर त्या डागापुढे जाऊन उभी राहिली आणि माणसं आली-गेली तरी हलेना.

शेवटी ओक्नामनं तिला कोपरानं ढोसलं. “सरक गं बाजूला, म्हशी. माझं कापड दिसू दे लोकांना.”

जोंगिम सरकली, अगदी थोडीशी.