मंजिरीचा दहापट आकडा

आमच्या लॅबमध्ये पेपर कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात. काम तसं सांगायला सोपं. बॅटरीत जे पेट घेणारं द्रव असतं, त्याच्या जागी घट्ट पदार्थ बसवायचा. पण त्यातून लिथियमचे आयन हलायला तयार नसतात. त्यांना पळवणारं मिश्रण सापडलं तर मंजिरीची पीएच.डी., नाहीतर फेलोशिप संपून ती घरी. आयन किती सहज पळतात ते सांगणाऱ्या त्या एका आकड्याकडे सगळी लॅब डोळे लावून बसलेली.

*

पावडर दाबून चपटी गोळी करायची, तिला पेलेट म्हणतात. प्रेसमधून काढताना ती हमखास तुटते. ज्याच्या हातून तुटेल त्याने सेव-उसळ आणायची. एकदा आमचे गाइड शाहसर स्वतःच शिकवायला आले, "जुओ, हळवे हाथे. असं हलक्या हाताने." आणि टच्! "आधीच तडकलेली होती," म्हणत त्यांनी पाकीट काढलं.

*

नवरात्रात आम्ही भट्टीला विचारून गरब्याला जातो. एकदा मंजिरी गरब्याच्या चणियाचोळीतच पेलेट भट्टीत भाजायला ठेवत होती, तेवढ्यात एक पाहुणे प्रोफेसर आत आले. "हा इथला सेफ्टी ड्रेस का?"

"नऊच दिवस," शाहसर शांतपणे म्हणाले.

*

बाजव्याला राहणारे माझे काका रिफायनरीतून रिटायर झालेले. मंजिरी दिसली की विचारणार, "काय गं, आमचं पेट्रोल बंद पाडणार ना तू?" आणि निघताना डबाभर लाडू देणार. "आयन पळवायचे तर आधी तू खा."

*

पावसाळ्यात एकदा मंजिरीचा आकडा नेहमीच्या थेट दहापट आला. सरांनी जिलबी मागवली. मी तर पेपरचं शीर्षकही सुचवून टाकलं. हातात जिलबी तशीच धरून मंजिरी म्हणाली, "सर, जेवणाच्या सुट्टीत पेलेट उघडी राहिली होती. ओल धरली असेल. वीज पाण्यातून जात असेल."

मला तिचा रागच आला. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. तिने पेलेट ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा मोजली. आकडा परत पूर्वीइतकाच. थोडी रडली, मग जिलबी संपवली आणि दोन्ही आकडे प्रबंधात घातले.

हिवाळ्यात नव्या मिश्रणाने तिला चांगला आकडा मिळाला. त्या पावसाळ्यातल्याच्या निम्मासुद्धा नाही, पण वाळवल्यावरही टिकणारा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या पावसाळ्यातल्या आकड्याचंच पान उघडलं. आम्ही मागे बसलेलो.

"एवढा सुंदर आकडा, आणि निष्कर्षात धरला नाहीत?"

"तो पाण्याचा होता, सर," मंजिरी म्हणाली. "माझा नव्हता."